सुमैरा मॅडमचा पत्त्यांचा तास

शेवगावहून काळी-पिवळीने अर्ध्या तासावर असलेल्या एका गावच्या हायस्कुलात सुमैरा शेख नऊ वर्षं कॉम्प्युटर शिकवत होती. नेमणूक कायमची नव्हती. दर जूनमध्ये मुख्याध्यापक आबासाहेब तिला ऑफिसात बोलावत, एका कागदावर सही घेत आणि म्हणत, "चला मॅडम, अजून एक वर्ष." त्या अजून एका वर्षाच्या भरवशावर तिची नऊ वर्षं निघाली होती. लग्न दोन वर्षांतच मोडलं, तेव्हापासून ती वडिलांजवळ राहायची. वडील चांदभाई शिंपी होते. शेवगावच्या बाजारपेठेत एका मशीनचं दुकान, आणि हाताला आता थोडा कंप.

शाळेत कॉम्प्युटर दहा होते, त्यातले सात कायमचे झोपलेले. उरलेले तीन वीज असेल तर चालायचे. पण वीज बाराला जायची ती दोनला यायची, आणि नववीचा तास नेमका साडेबाराला. मग सुमैरा फळ्यावर खडूने चौकोन काढायची आणि म्हणायची, "हा मॉनिटर." पोरं वहीत चौकोन काढायची. प्रोग्राम म्हणजे काय, हे ती पुस्तकातून वाचून दाखवायची आणि वाचताना तिचं तिलाच कंटाळवाणं वाटायचं.

एकदा शाळेच्या शिबिरात दुपारी मुलं बदाम सात खेळत बसली होती. पार्थ नावाचा एक मुलगा नव्या भिडूला खेळ समजावत होता. "सत्ती असली तर टाक. नसली तर शेजारचं पान बघ. तेही नसलं तर पास म्हण. हातातली पानं संपेपर्यंत हेच करत राहायचं." सुमैरा तिथे जेवण वाढत होती. हातात पळी तशीच धरून ती ऐकत राहिली. जर, तर, आणि संपेपर्यंत. इतकी वर्षं घसा फोडून जे सांगत होती, ते हा पोरगा एका दमात सांगून मोकळा झाला होता.

पुढच्याच आठवड्यात तिने पत्त्यांचे तीन कॅट आणले. आबासाहेबांनी आधी नाही म्हणून मान हलवली, मग विचार केला, मग परवानगी दिली. "तासापुरते वापरा. वर्गाच्या बाहेर एक पान दिसता कामा नये. गाव कसंय, तुम्हाला माहीत आहे."

घरी चांदभाईंना ते मुळीच आवडलं नाही. "पत्ते ते पत्तेच, बेटा," ते म्हणाले. "तू त्याला शिक्षण म्हणशील. बघणारा तसं म्हणणार नाही." सुमैरा हसली, आणि कॅट डब्याच्या पिशवीत खाली घालून न्यायला लागली.

तास मात्र बदलला. आठ मुलं ओळीत उभी राहायची, छातीशी एकेक पान धरून. नियम एकच. फक्त उजवीकडच्या शेजाऱ्याशी बोलायचं, आपलं पान मोठं असेल तर जागा बदलायची, लहान असेल तर गप्प उभं राहायचं. कोणालाही सगळी ओळ दिसत नसताना पानं आपोआप क्रमाने लागायची, आणि मुलं स्वतःच चकित व्हायची. दुसरा खेळ यंत्राचा. एकाने यंत्र व्हायचं आणि कागदावर लिहिलेलं तेवढंच करायचं, मनाचं काही नाही. एकदा पार्थ यंत्र झाला होता आणि सूचना लिहिणारी पोरं "थांब" लिहायला विसरली. पार्थ पान उचलायचा, ठेवायचा, उचलायचा, ठेवायचा. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तरी हा बसलेलाच. शेवटी सुमैरानेच कागदावर "थांब" लिहिलं, तेव्हा उठला.

त्या वर्गात संस्कृती नावाची एक मुलगी होती. वस्तीवरून चालत यायची, तिसऱ्या बाकावर बसायची आणि वर्षभरात तिचा आवाज कोणी ऐकला असेल-नसेल. पत्ते आल्यापासून ती पुढे येऊन बसायला लागली. एकदा तास संपल्यावर ती टेबलाजवळ घुटमळत राहिली.

"मॅडम, पान कुणाच्या हातात जायचं, ते पानाला माहीत असतं का?"

"पानाला कसं माहीत असेल?"

"मग समोर कोण बसलंय, त्यानं काही फरक पडत नाही?"

"नीट पिसले असतील तर नाही पडत. यंत्राला माणूस कळत नाही, नियम कळतो. पत्त्याचंही तसंच."

संस्कृतीने हे वहीत लिहून घेतलं. आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी तिने हळूच विचारलं, "मॅडम, एक कॅट घरी नेऊ? सोमवारी आणते." सुमैराला आबासाहेबांची ताकीद आठवली. पण नऊ वर्षांत कोणत्याही मुलाने तिच्या विषयाचं काही घरी न्यायला मागितलं नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने कॅट काढून दिला. कशाला हवाय, हे तिने विचारलं नाही.

सोमवारी संस्कृती आली ती आईबरोबर. सुमैराला ऑफिसात बोलावणं आलं. आबासाहेबांच्या टेबलावर कॅट होता, आणि समोर संस्कृतीची आई राहीबाई उभी होती. अंगावर कामाचं लुगडं, कापूस वेचून चिरलेली बोटं.

"ह्यो तुमचाच हाय ना, म्याडम?" तिने विचारलं. "सर, पत्त्यापायी माझं घर बसलं. सगळ्या गावाला ठावं हाय. आन आता शाळाच माझ्या पोरीच्या हातात पत्ते देती व्हय?"

"शाळा देत नाही," आबासाहेब म्हणाले आणि सुमैराकडे वळले. "मॅडम, तुम्ही मुलांना कॅट घरी नेऊ देता का?"

प्रश्न सरळ होता. सुमैराच्या डोळ्यांपुढे मात्र जूनचा तो कागद आला, आणि सहीची जागा कोरी दिसली.

"नाही सर," ती म्हणाली. "कॅट वर्गातच असतात."

"मग हिच्याकडे कसा गेला?"

संस्कृतीने मान वर केली. तिने सुमैराकडे पाहिलं. फार वेळ नाही, बघितलं-न बघितलं इतकंच. मग ती आबासाहेबांना म्हणाली, "मी घेतला, सर. न विचारता."

राहीबाईने तिच्या पाठीत धपाटा घातला. पोरगी हलली नाही. आता बोलावं, आता बोलावं, असं सुमैराच्या जिभेवर येत होतं. पण तेवढ्यात घंटा झाली. "चोरी म्हणजे चोरीच, आईसाहेब, लहान असो की मोठी. मी समज देतो तिला," असं म्हणून आबासाहेबांनी कॅट कपाटात टाकला. राहीबाई मुलीचा दंड धरून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून संस्कृती शाळेत आली नाही. वर्गात तिचं नाव कॅटचोर पडलं. हजेरी घेताना कोणीतरी मागून हळूच तसं म्हणायचं, आणि सुमैरा "शांत बसा" म्हणायची. यापलीकडे ती काही म्हणायची नाही. नाही म्हणायला एक-दोनदा ती आबासाहेबांच्या दारापर्यंत गेली. दोन्ही वेळा आत कोणी ना कोणी बसलेलं होतं, आणि त्याचं तिला बरंच वाटलं, हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, ती वडिलांच्या दुकानात जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. आता ते म्हणतील, मी सांगत नव्हतो का, असं तिला वाटलं. चांदभाईंनी मशीन थांबवलं.

"पत्त्यांचं राहू दे," ते म्हणाले. "ते तुझं तू बघ. पण पोरीच्या नावाला चोरी चिकटली, आणि तू बघत उभी राहिलीस?"

"नोकरी जाईल, अब्बा."

"जाईल," चांदभाई म्हणाले. त्यांनी तिची समजूत घातली नाही. पुन्हा पाय मशीनवर ठेवला.

शनिवारी अर्ध्या दिवसाने शाळा सुटल्यावर सुमैरा वस्तीवर गेली. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पुढे सारवलेलं अंगण. राहीबाई कापसातली घाण काढत बसली होती. बाजेवर तिची म्हातारी सासू. संस्कृती दारातून बाहेर आली आणि सुमैराला पाहून तिथेच उभी राहिली.

सुमैराने चपला काढल्या, पण बसली नाही. "राहीताई, कॅट हिने चोरला नव्हता. हिने मागितला आणि मी दिला. त्या दिवशी ऑफिसात मी घाबरले आणि खोटं बोलले."

राहीबाईचे हात थांबले. "कुनाला घाबरलात?"

"नोकरी जाईल म्हणून."

"पाच-सा दिस मी हिला चोर म्हनतीय," राहीबाई म्हणाली. "जेवताना म्हनतीय, झोपताना म्हनतीय. आन ही एका शब्दानं बोलली न्हाई." तिने मुलीकडे पाहिलं. "का गं?"

संस्कृती आईशेजारी बसून कापसातली घाण काढायला लागली.

बसा म्हणायला राहीबाईला बराच वेळ लागला. मग तिने आपणहून सांगितलं. तिचा नवरा बन्सी टेम्पो चालवायचा. मार्केट यार्डामागच्या एका शेडमध्ये तीन पत्तीचा अड्डा होता, तिथे बसायला लागला. पहिल्यांदा कधीमधी, मग रोज. आधी तिची डोरली गेली, मग टेम्पो गेला, आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो स्वतःच गेला. देवळाली प्रवऱ्याकडे ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर दिसला, असं कोणी सांगतं. खरं-खोटं माहीत नाही.

"हिचा पायगुन," बाजेवरून म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पाऊसपाण्याचं बोलावं तसं ती बोलली. "लग्नाआधी माझा बन्सी कधी हरला न्हाई. ही आली आन हात खाली पडला."

"त्याचसाठी नेला होता कॅट," संस्कृती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती आत जाऊन वही घेऊन आली. वहीच्या मागच्या पानांवर तिने तीन पत्ती वर्गातल्यासारखी मांडली होती, एकाखाली एक सूचना. चार भिडू. प्रत्येकाकडे पंचवीस चिंचोके. जोपर्यंत एकापेक्षा जास्त भिडू आहेत, तोपर्यंत प्रत्येकाने एक चिंचोका मध्ये टाकायचा. ज्याची पानं मोठी, त्याने मधले घ्यायचे. पण त्याआधी एक चिंचोका वाटीत. अड्डा चालवणारा दर डावाला आपला हिस्सा काढून घेतो, त्याला नाल म्हणतात. ही वाटी त्याची. ज्याचे चिंचोके संपले, त्याने उठायचं.

"मॅडम म्हणतात, यंत्राला माणूस कळत नाही," संस्कृती म्हणाली. "म्हणून मी माणूस काढून टाकला. बाबा नाही, आई नाही, पायगुण नाही. फक्त नियम ठेवले. शनिवारी आणि रविवारी आई कापसाला गेली तेव्हा अकरा वेळा खेळले. चारही हात मीच."

"आन मग?" राहीबाईने विचारलं.

"करून दाखवते. पत्ते नसले तरी चालतं. जिंकायची संधी चौघांना सारखीच असते, तर चार चिठ्ठ्या पुरतात."

तिने गोणपाट पसरलं, चारी कोपऱ्यांत चिंचोक्यांच्या ढिगल्या केल्या, मध्ये वाटी ठेवली, आणि चिठ्ठ्या तांब्यात टाकून तांब्या आईपुढे धरला. राहीबाईने आधी नको म्हटलं. मग एक चिठ्ठी काढली. मग दुसरी. विसेक डाव होईतो तिला त्यात काही वाटलं नाही. एका कोपऱ्यात ढीग वाढत होता, दुसऱ्यात कमी होत होता. चाळीस-पन्नास झाले तेव्हा पहिला कोपरा रिकामा झाला, आणि राहीबाई कोपऱ्यांकडे बघायची सोडून वाटीकडे बघायला लागली. वाटीतला एकही चिंचोका परत बाहेर येत नव्हता. म्हातारीही मान पुढे काढून बघत होती.

शेवटी एकच कोपरा उरला. संस्कृतीने त्यातले चिंचोके मोजले. चौदा होते.

"हा जिंकला," ती म्हणाली. "पंचवीस घेऊन बसला होता. माझ्या अकरा खेळांत एकदाच जिंकणाऱ्याकडे पंचवीसपेक्षा जास्त उरले. बाकी दहाही वेळा कमीच. कोणी बसलं तरी असंच होतं, आई. कोणाचीही बायको असली तरी."

राहीबाई त्या वाटीकडे बघत राहिली. सुमैराला वाटलं ती रडेल, पण ती रडली नाही. ती म्हणाली, "ह्ये त्यांना कुनी सांगितलंच न्हाई."

तेव्हा म्हातारी बाजेवरून उतरली, वाकली आणि तिने वाटी पालथी केली. चिंचोके अंगणभर गेले. "माझ्या लेकाला येड्यात काढू नगा," ती म्हणाली आणि आत गेली. संस्कृती चिंचोके वेचायला लागली. सुमैराही वेचायला बसली. तिला मुलीला काहीतरी सांगायचं होतं, पण म्हातारी दाराआड होती आणि राहीबाई समोर.

निघताना राहीबाई म्हणाली, "खरं बोललात ते हितं, अंगनात बोललात. चोर ती शाळेत झाली. तितं बोला."

सोमवारी सुमैराने एका कागदावर सगळं लिहून आबासाहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि कागद परत तिच्याकडे सरकवला. माणूस वाईट नव्हता. "हे राहू द्या, मॅडम. पोरगी आली की मी तिला बसवून घेतो, पोरांना दम देतो. विषय संपला. कागद झाला की तो संस्थेत जातो, आणि मग माझ्या हातात काही राहत नाही."

"तिचं नाव सगळ्यांपुढे गेलंय, सर," सुमैरा म्हणाली. तिने कागद पुन्हा त्यांच्याकडे सरकवला. "कागद घ्या."

आबासाहेबांनी कागद घेतला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, की संस्कृतीने काहीही चोरलेलं नव्हतं, कॅट तिला शिक्षकांनीच दिला होता. बुधवारी संस्कृती शाळेत आली आणि पुन्हा तिसऱ्या बाकावर बसली.

पुढचं आबासाहेब म्हणाले तसंच झालं. कोणीतरी वर्गातल्या पत्त्यांचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली सुमैराच्या नावाबद्दल आणि आडनावाबद्दल काय काय लिहिलं होतं, ते तिने अर्ध्यावर वाचून फोन पालथा ठेवला. संस्थेची मीटिंग झाली. पत्ते बंद झाले. तिने जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांवर आकडे लिहिले आणि तेच खेळ चालू ठेवले, तर तेही नको, पुस्तकाप्रमाणे शिकवा, असं पत्र आलं. मार्चपर्यंत ती फळ्यावर चौकोन काढत राहिली. जूनमध्ये तिला बोलावणं आलं नाही. आबासाहेबांनी फोन करून तेवढं सांगितलं, आणि बोलता बोलता दोनदा थांबले.

आता ती शेवगावात एका खाजगी क्लासमध्ये टायपिंग आणि सरकारी फॉर्म भरायला शिकवते. चांदभाईंनी तिला एकदाही विचारलं नाही की पस्तावतेस का.

दिवाळीआधीच्या बाजारात तिला राहीबाई भेटली. भाजीच्या गर्दीत दोघी क्षणभर अवघडून उभ्या राहिल्या. पोरगी दहावीत आहे, अभ्यास बरा आहे, राहीबाईने सांगितलं. सासू आता पायगुणाचं नाव काढत नाही, पण सुनेशी बोलतही नाही. जेवणाचं ताट सरकवते तेवढंच. "घरी नगा येऊ, म्याडम, लोक लई बोलत्यात," राहीबाई म्हणाली. "फोन करा. माझ्या फोनवर. सातच्या आत."

सुमैराने तिसऱ्या दिवशी फोन केला. संस्कृतीने चाचणीचे मार्क सांगितले. गणिताचे सर नवीन आलेत, ते सांगितलं. वर्गातल्या दोघी अजून कॅटचोर म्हणतात, हेही तिने तितक्याच सहज सांगितलं. सुमैराने डोळे मिटून घेतले.

"संस्कृती, त्या दिवशी ऑफिसात मी बोलायला हवं होतं. माझं चुकलं."

कुठेतरी दूर मोटार चालू असल्याचा आवाज येत होता.

"मला वाटलं होतं, तुम्ही तिथंच बोलाल," संस्कृती म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं होतं," सुमैरा म्हणाली.

मग राहीबाईने हाक मारली, आणि फोन ठेवते म्हणून पोरीने फोन ठेवला.